माळ्यावरचे दोन पक्ष

धनुष्यबाण घेऊन मृगयेस निघालेल्या मनुष्याच्या हाती आमच्या वाङ्मयात शिकार अशी सहसा लागलेली नाही, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. दशरथ शरयूच्या काठी अंधारात शब्दवेध करावयास बसला, घडा भरण्याच्या आवाजाला हत्तीचा आवाज समजला, आणि हत्तीऐवजी शाप घेऊन घरी परतला. पंडूने हरिणावर बाण टाकला, तो हरीण निघाला किंदम ऋषी, पुन्हा शाप. परीक्षिताचा बाण हरिणाला लागला खरा, परंतु हरीण पळाले ते पळालेच, आणि त्याचा तपास करता करता राजाने मौन धरलेल्या शमीक ऋषींच्या गळ्यात मेलेला साप अडकवून स्वतःच्या मरणाची तारीख नक्की करून घेतली. दुष्यंताला हरिणाच्या बदली बायको मिळाली आणि रामचंद्रांची हरिणापायी बायको गेली. अर्जुनाने एक रानडुक्कर अचूक टिपले, तो त्याच डुकरात किराताचाही बाण निघाला, व कोणाचा बाण आधी लागला या तंट्यात त्याला प्रत्यक्ष शंकराशी कुस्ती खेळावी लागली. डुक्कर म्हणाल, तर ते मरता मरता राक्षस झाले, म्हणजे तेही खाण्याच्या उपयोगाचे राहिले नाही. ज्या निषादाचा नेम बरोबर लागला, त्याच्या पदरी पक्षी पडला की नाही याची नोंद नाही. शाप मात्र अनुष्टुभ छंदात पडला. तेव्हा धनुष्य हे हत्यार कथानकाच्या कामाचे, स्वयंपाकाच्या नव्हे, असे माझे जुने मत होते, आणि माझा भाचा कोलोरॅडोत धनुष्य विकत घेण्याच्या विचारात असतानाच मी ते त्याला दूरध्वनीवरून कळविले होते.

हा भाचा रत्नागिरीत वाढला, मुंबईत शिकला आणि डेन्व्हरला स्थिरावला. आमच्या घराण्यात गेल्या कित्येक पिढ्यांत ढेकणाखेरीज कोणाच्या वधाची वार्ता नाही. परंतु परदेशी गेलेल्या मनुष्याला शेजाऱ्यांच्या बरोबरीने काहीतरी करावे लागते, आणि त्याच्या कचेरीतील मंडळी सप्टेंबर उजाडला की एल्कच्या मागे रानात जातात. एल्क हा आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ. नर तीनशे किलोंच्या घरात, कधी त्याहूनही जड. शिंगे दरसाल गळणारी आणि दरसाल नव्याने फुटणारी. सप्टेंबर हा त्यांचा माजावर येण्याचा काळ, आणि तीरंदाजांना सरकारने नेमून दिलेला हंगामही नेमका तोच. नर चिखलात लोळावयास येतात अशा जागी एखादे झाड हेरून त्याच्या खोडाला लोखंडी बैठक जखडावयाची, कमरेला पट्टा बांधावयाचा, तोंडात पातळ पडदा धरून मादीचा आवाज काढावयाचा, आणि तीस-चाळीस यार्डांच्या टप्प्यात जनावर येईतो झाडाचाच एक अवयव होऊन राहावयाचे, असा हा योग आहे. जनावराला माणसाचा वास लागू नये म्हणून कपडे बिनवासाच्या साबणाने धुतात, अंगालाही तोच साबण लावतात, आणि वारा कोणीकडून वाहतो हे चिमूटभर भुकटी उडवून घटकेघटकेला पाहतात. इतक्या शुचिर्भूतपणाने आमच्याकडे सत्यनारायणालाही कोणी बसत नाही.

धनुष्यही रामायणातले नव्हे. ॲलन नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने धनुष्याच्या टोकांना चाके बसविली आणि 1969 साली त्याचे पेटंट मिळविले. या चाकांच्या योगे दोरी पुरती ताणली की लागणारा जोर वाढण्याऐवजी एकाएकी उतरतो, व मनुष्य नेम धरून बराच वेळ स्वस्थ राहू शकतो. ही चाके जनकराजाच्या धनुष्याला असती, तर भर सभेत लंकाधिपतीचा तसा पाणउतारा झाला नसता. तथापि चाके असोत वा नसोत, धनुष्य घेऊन एल्कच्या मागे जाणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक त्याही देशात रिकाम्या हातानेच परततात, आणि 2024 साली माझा भाचा या बहुसंख्याकांत सन्मानपूर्वक दाखल झाला. संबंध हंगाम झाडावर बसून त्याने खारी मोजल्या. एक मादी अगदी टप्प्यात आली होती, पण त्याच्या परवान्यात नर लिहिलेला. दिवाळीला सहकुटुंब रत्नागिरीस आला, तेव्हा चेहरा उतरलेला. "मामा, मांस ठेवायला केवढा मोठा फ्रीझर घेतला," त्याची पत्नी मला म्हणाली, "सध्या त्यात मटार आहेत."

आता आमच्या बाजूची कैफियत. संगमेश्वर तालुक्यात आमची वडिलोपार्जित भातशेती आहे. आहे म्हणजे सातबाऱ्यावर आमची आहे, वहिवाट रानडुकरांची. हळवे भात दसऱ्याच्या सुमारास निघते, गरवे दिवाळीनंतरही उभे असते, आणि नेमके ते लोंबीला आले म्हणजे डोंगरातली मंडळी रात्री खाली उतरतात. जितके खातात त्याच्या कितीतरी पट लोळून व उकरून नासतात. त्यांच्या निवारणार्थ गावाने केलेले उपाय पाहिले असता मनुष्यजातीच्या कल्पकतेविषयी आदर वाटतो. गडग्याच्या आतून जुन्या लुगड्यांचे व साड्यांचे कुंपण बांधतात, त्यामुळे कापणीच्या दिवसांत सगळी खाचरे कोणा मोठ्या घरच्या बारशाला निघाल्यासारखी दिसतात. न्हाव्याच्या दुकानातले केस पोत्याने आणून बांधावर पसरतात. डुकराची नजर मंद पण नाक तीक्ष्ण, त्यामुळे माणसाच्या वासाला ते बिचकते, असा त्यामागचा शास्त्रार्थ. आणि ज्यांच्याजवळ शेतीसंरक्षणाचा परवाना आहे, ते बंदुकीचा बार काढतात.

त्या साली बार निघणे शक्य नव्हते. 15 ऑक्टोबरला विधानसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली, मतदान 20 नोव्हेंबरला. आणि निवडणुकीच्या काळात परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करण्याची वहिवाट आमच्या जिल्ह्यात जुनी आहे. लोकशाहीच्या दृष्टीने ती योग्यच असेल. माझे म्हणणे एवढेच, की आमचे शेजारी आबा यांची ठासणीची बंदूक, जिच्यातून बार निघेपर्यंत आबा एक बिडी ओढून घेतात, तिच्या योगाने जिल्ह्यातील कोणत्याही उमेदवाराचे भवितव्य पालटण्याचा संभव नव्हता. भात पिकून उभे, बंदूक पावती घेऊन ठाण्यात, आणि डुकरांना मताधिकार नसल्यामुळे आचारसंहिता त्यांच्यावर बंधनकारक नाही.

ही हकिकत ऐकताच भाच्याच्या चेहऱ्यावर हंगामभर न दिसलेले तेज आले. उत्तरेकडच्या तालुक्यांतील कातकरी तिरकामठा उत्तम करतात, हे त्याने कोठेसे वाचले होते. असा एखादा मिळेल काय, अशी त्याने चौकशी आरंभिली. मी मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेला मनुष्य. मी त्याला खाली बसविले आणि 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा समजावून सांगितला. आरंभी या कायद्यात शिकारीचे परवाने होते, 1991 च्या दुरुस्तीने हौसेची शिकार साफ बंद झाली. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबाबत वनखात्याकडे अर्ज करून परवानगी मागण्याची तजवीज आहे. पण परवानगी हाती नसताना मारलेत तर जनावर सरकारजमा आणि मारणारा तुरुंगात. शिवाय शिकारीच्या व्याख्येत मारणे, पकडणे, विष घालणे, फासे लावणे यांच्या जोडीला तसा प्रयत्न करणे हेही घातलेले आहे, त्यामुळे नेम चुकला हा बचाव चालत नाही. "म्हणजे," मी त्याला म्हणालो, "तू यंदा तिकडे झाडावर बसून जे काही केलेस, ते येथे विनापरवाना केले असतेस, तर खारीलाही धक्का न लावता तू शिक्षेस पात्र झाला असतास." तो बराच वेळ गप्प राहिला. शेवटी धनुष्यावाचून का होईना, पण राखणीला माळ्यावर येतो, एवढ्यावर तडजोड झाली.

माळा म्हणजे खाचराच्या कडेच्या ऐनाच्या दुबेळक्यात बांबू आडवे टाकून सुंभाने आवळलेले, वर पेंढा अंथरलेले मंचकवजा काहीतरी. कमरपट्टा नाही, ज्याला पडावयाचे त्याने पडावे. आबा, भाचा आणि मी असे वर चढलो. सामग्रीत एक बॅटरी, राकेलचा रिकामा डबा, तो बडविण्यास दांडके, दिवाळीतले उरलेले ॲटमबाँब, आणि आबांचे बिड्यांचे बंडल. येथेच पहिला मतभेद उपस्थित झाला. भाचा बिनवासाच्या साबणाने स्नान करून आला होता. तो साबण त्याने डेन्व्हरहून बरोबर का आणला होता, हे मी त्याच्या पत्नीच्या देखत विचारले नाही. आबांनी बिडी शिलगावताच तो कळवळून कुजबुजला, "आबा, नको ना! वास जाईल त्यांना."

"जाऊंदे की," आबा मोठ्याने म्हणाले. "वास गेला म्हंजे येनार नायत. येऊ नयेत म्हनून तर बसलाव ना आपन?"

या एका वाक्याने सर्व प्रकरणाचा उलगडा माझ्यापुरता झाला. एकाच माळ्यावर, एकाच जनावराकडे डोळे लावून, परस्परविरुद्ध हेतूंचे दोन पक्ष बसले होते. ज्याला भाचा वाया गेलेला हंगाम म्हणत होता, ज्याच्या दुःखाने त्याने अन्न गोड मानले नव्हते, तसला एखादा हंगाम आमच्या गावाच्या वाट्याला यावा म्हणून दरवर्षी ग्रामदेवतेला नारळ दिला जातो. त्याने कोलोरॅडोत ज्या रात्री रडत काढल्या, त्या आबांना कोणी दिल्या असत्या तर त्यांनी त्यावर कोंबडा सोडला असता. दोघेही अर्धवट उजेडात एकाच दिशेला टक लावून. एकाचे ओठ ‘ये, ये’ म्हणत असावेत, दुसऱ्याचे ‘येऊ नको’. दैवाने अशा वेळी कोणाचे ऐकावे, हा प्रश्न बिकट होता. त्यातून आबा दिवसभर कापणी करून आले होते, त्यांना झोप लागली, आणि प्रार्थना करणारा एकच पक्ष शिल्लक राहिला.

उत्तररात्री ती आली. प्रथम पलीकडच्या साडीच्या कुंपणाला हिसका बसला, मग चिखलात पाय फसल्याचा चुबुक् चुबुक् आवाज, आणि मग चांदण्या नसलेल्या त्या अंधारातही काळ्याहून काळे असे काहीतरी बांधावरून खाली उतरले. त्याच्या मागे लहानमोठा परिवार. पुढची मादी ऐनापासून वीस पावलांवर येऊन उभी राहिली. एक लोंबी तिने दाताखालून ओढून घेतल्याची खरखर मला स्पष्ट ऐकू आली, आणि तिच्या पाठोपाठ भाताचा ओला, हिरवट वास वर आला. मी डबा शोधू लागलो. डबा भाच्याच्या मांडीखाली होता, आणि भाचा या लोकात नव्हता. त्याचा डावा हात समोर ताठ पसरलेला, उजव्या हाताची दोन बोटे कानाच्या पाळीपाशी येऊन थांबलेली, एक डोळा मिटलेला. नसलेल्या धनुष्याची नसलेली दोरी त्याने पूर्ण ताणली होती आणि ती सोडावयास त्याचा जीव होत नव्हता. खाली आमचे गरवे भात चघळले जात होते.

त्या चघळण्याने म्हणा किंवा संस्काराने म्हणा, आबा जागे झाले. "अरे डबा वाजीव मेल्या! डबा!"

"हळू, आबा," भाचा ओठ न हलविता म्हणाला. "वारा आपल्या बाजूचा आहे. अजून जवळ येतील."

यानंतर आबांनी जे उद्गार काढले ते त्यांच्या वयाला व नात्याला शोभण्यासारखे होते, पण छापण्यासारखे नव्हते. डबा वाजला, ॲटमबाँब वाजले, पैकी एक माळ्यावरच वाजला. डुकरे गेली, पण जाताना सरळ न जाता कुणग्यातून तिरपी, उभ्या भाताचा मळणीसारखा चुथडा करीत गेली.

सकाळी नुकसानभरपाईच्या अर्जासाठी पंचनामा झाला. पंचांपुढे जबानी देताना भाच्याने डुकरांचे जे वर्णन केले, त्यावरून नुकसान आमच्या क्षेत्राहून अधिक भरण्याचा रंग दिसू लागला, म्हणून मी त्याला घरी चहा आणावयास पाठविले. तो परत येईपर्यंत अमेरिकेत दूरध्वनी करून आला होता व पुढच्या मादीचे वजन त्या अवधीत बरेच वाढले होते. आबा बांधावर बसून हे सर्व ऐकत होते. रागावले नव्हते, त्यांच्या बंदुकीनेही आजवर काही मारल्याचे कोणाला ठाऊक नाही, आणि त्या न मेलेल्या जनावरांच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आलो आहे.

भाचा जाण्यापूर्वी आम्ही त्याला राजापूर तालुक्यात कशेळीस नेले. कनकादित्याचे दर्शन झाले, आणि मग सड्यावरची कातळशिल्पे पाहावयास गेलो. कोकणातली ही कातळशिल्पे 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्यापासून लांबलांबचे लोक येतात. शिकारीवर पोट भरणाऱ्या माणसांनी हजारो वर्षांपूर्वी ती कोरली असावीत, असे अभ्यासक मानतात. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृती खोदलेल्या आहेत. भाचा भारावून त्याच्याभोवती फिरत होता, छायाचित्रे घेत होता, आणि एवढे प्रचंड जनावर ज्यांनी दगडी हत्यारांनिशी लोळविले त्या आपल्या पूर्वजांविषयी इंग्रजीमिश्रित मराठीत बोलत होता. आबांनी सोंडेपासून शेपटीपर्यंत पावले टाकून हत्ती मोजला, डोक्यावरची टोपी काढून घाम पुसला, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, ह्येला हत्ती गावलाच नाय. गावला असता तर खात बसला असता. उन्हातान्हात कातळ कशाला कोरीत बसंल?"