ओरडतोय कोण?

अहो वहिनी, कपडे नंतर वाळत घाला, जरा इकडे या. सकाळी सकाळी तुमच्या त्या कडेच्या खोलीतून घर्रर्र आवाज येतो, तो कसला हो? आमचे हे म्हणाले, मिक्सर असेल. म्हटलं, एवढा वेळ कोण वाटण वाटतंय!

कॉम्प्युटर? हां, मग तो पंखा असणार. आणि थोड्या वेळानं आपोआप कमी होतो ना? बघा! बेअरिंगचं तेल सुकलंय. स्वस्तातल्या पंख्याचं साधं स्लीव्ह बेअरिंग असतं, गार असताना कुरकुरतं, गरम झालं की बसतं.

काय म्हणता, एसएमपीएसचा, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या भागाचा पंखा? पण त्याचाच कशावरून? त्या डब्यात प्रोसेसरवरही एक असतो, मागच्या जाळीलाही एखादा. पेपरची सुरळी करा, एक टोक कानाला लावा आणि दुसरं एकेका पंख्याजवळ न्या. चोर लगेच सापडतो. बारीक चीं असा आवाज असेल तर मात्र तो पंखा नव्हेच, आतल्या कॉइलचा; तिथं तेलपाणी करून उपयोग नाही.

तेलावरून आठवलं, आमच्या जाऊबाईंनी काय घातलं असेल? खोबरेल! थंडीत गोठतं ते. घालायचंच तर शिलाई मशीनचं एक थेंब, पंख्यावरच्या स्टिकरखाली. पण तेवढ्यासाठी एसएमपीएस उघडावा लागतो, आणि ते आपलं काम नव्हे.

कोपऱ्यावरच्या भाऊजींचं कळलं नाही का तुम्हाला? जरा जवळ या. पिन काढली म्हणून बिनधास्त उघडून बसले. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, वहिनी. आपली २३० व्होल्टची एसी, आत तिची डीसी होते तेव्हा सव्वातीनशेच्या घरात जाते. बसला ना झटका! दैव बलवत्तर म्हणून हातावर निभावलं. आणि सांगतात काय, तर जिन्यावर पाय घसरला. मला त्यांच्या हिनंच सांगितलंय, तेही शपथ घालून. तुम्ही कुणाजवळ बोलू नका.

तुमचा डबा जमिनीवर आहे ना? सतरंजीवर? कमालच झाली! नव्या कॅबिनेटांत एसएमपीएस तळाला असतो, बहुतेकदा पंख्याचं तोंड खाली. सतरंजीनं हवा कोंडली की तो तापणार, पंखा जोरात पळणार. आधी स्टुलावर घ्या. पिन काढून अंगणात आणा, ब्लोअरनं धूळ उडवा, पण थोडी थोडी हवा मारा. पंखा गरगरू दिला तर उरलंसुरलं बेअरिंगही जातं.

तरी आवाज थांबला नाही तर सरळ नवा एसएमपीएस घ्या. पंखा ओरडतोय तोवर निदान फिरतोय. एके दिवशी अचानक गप्प झाला तर मात्र ताबडतोब बंद करा. महागड्यांत काम कमी असलं की पंखा मुद्दाम थांबतो, ते वेगळं. घेताना १२० मिलिमीटरचा पंखा बघा. आमच्या जुन्याला ८० चा होता, तेवढीच हवा ओढायला बिचारा जिवाच्या आकांतानं फिरायचा. मुलगा अभ्यास करायचा की विमानतळावर बसायचा, कळायचं नाही.

आणि जुना फुकट देऊ नका हो. भंगारवाला पत्र्याचा भाव सांगेल. आत तांब्याची तार असते, हे त्याला चांगलं ठाऊक असतं. तुम्हालाही ठाऊक आहे एवढं फक्त दाखवा.