आमचा राजू तर नवव्यातच!

हे नाना तुमच्याही सोसायटीत असणारच. घरात वर्षाच्या आतलं मूल असलं की चपला काढता काढताच विचारतात, "काय, चालते का नात?"

"नाही अजून. धरून उभी राहते."

"असं होय! आमचा राजू तर नवव्यातच चालायला लागला."

आता, नातीने त्याच सकाळी केवढा पराक्रम केलेला असतो! कालपरवापर्यंत मूठ मारून सगळं चुरगळणाऱ्या तिने अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत अख्खा कुरमुरा उचललेला असतो. "कुरमुरा? राजू नवव्यातच पोह्यांतली मोहरी वेचायचा."

वाटीखाली झाकलेला खुळखुळा ती वाटी उचलून काढते. डोळ्यांआड झालेली वस्तू नाहीशी होत नाही, हे तिला कळू लागलंय. पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञाने यावर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली. पण त्यांना राजू कुठे भेटला होता? "नवव्यातच माझी लपवलेली तपकिरीची डबी काढून द्यायचा!"

नानांना बघितलं की नात भोकाड पसरते. परकं माणूस ओळखून घाबरणं हे या वयात बुद्धी वाढल्याचं लक्षण असतं म्हणतात. घरात सगळ्यांनाच हे लक्षण फार आवडलं.

शेवटी सूनबाईने शस्त्र काढलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिकेतली मुलं बघून काढलेला निष्कर्ष असा, की निरोगी मूल ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान कधीही आपलं आपण चालू लागतं. शंभरातली चारेक तर हातागुडघ्यांवर रांगतच नाहीत.

नाना म्हणाले, "ओमानचं मला सांगू नका. आमचा राजू..."

"सोळाव्यात चालला," वहिनी, म्हणजे नानांच्या सौ., म्हणाल्या. "कसला नववा घेऊन बसलाय! तोवर ह्यांनी एक डॉक्टर सोडला नाही की एक देव. रात्री उठून त्याचे पाय चोळत बसायचे. कुणी 'चालतो का?' विचारलं की जिन्याने खाली निघून जायचे."

नाना चहात बघत राहिले. मग म्हणाले, "सोळाव्यात, पण एकदम धावलाच!"

तेव्हापासून नानांना घराबाहेर काढणं जड जातं. दुखरे गुडघे मोडून ते फरशीवर बसतात, नातीपुढे हात पसरतात आणि ती धपकन पडली की आमच्याकडे बघून दटावतात, "घाई करू नका तिची!"

तेव्हा वाचकहो, मूल अठरा महिन्यांचं होऊनही चालत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. तोवर नानांना दाखवायला हरकत नाही. फक्त वहिनी सोबत असू द्यात.