आधी भोपळा, मग पाणी

बीदर जिल्ह्यातील भालकी तालुक्यात जन्मलेल्या माणसाचा समुद्राशी संबंध बहुधा नकाशा रंगविताना निळी पेन्सिल किती झिजली एवढ्या हिशेबापुरताच येतो. वास्तविक आमच्या इतिहासाला खाऱ्या पाण्याचे वावडे नव्हते. ज्याचा मदरसा १४७२ साली बीदरात उभा राहिला तो महमूद गवान इराणातील गीलानचा. आणि अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी तर चौलास उतरून, बरोबर आणलेला एकुलता एक घोडा विकण्याच्या विवंचनेत, आमच्या शहरापर्यंत येऊन पोहोचला होता. तथापि या थोर दर्यावर्दींचा वारसा आमच्या घराण्यात उतरला तो विहिरीपर्यंतच.

मला पोहणे शिकविले मामांनी, कारंजा नदीकडच्या मळ्यातील मोटेच्या विहिरीत. वाळवून हलका केलेला दुध्या भोपळा, ज्याला आमचे कानडी शेजारी सोरेकाई म्हणत, पाठीशी सुताच्या दोरीने आवळल्याखेरीज शेवटच्या पायरीवर पाऊल ठेवण्याची कुणालाही मुभा नसे. 'लागलाच तर मग बांधीन' असा अर्ज मी एकदा गुदरला असता, 'बुडाल्यावर गाट कोन मारनार, तुजा बाप?' या संक्षिप्त शेऱ्यानिशी तो नामंजूर झाला. आणि वडील काठावरच बसले असल्यामुळे अपिलाचा मार्गही उरला नाही. दोन उन्हाळ्यांनंतर भोपळा सुटला व आपण पट्टीचे पोहणारे आहोत असा जो समज जडला, तो कोणत्याही पुराव्यावाचून पन्नास वर्षे अबाधित राहिला.

गेल्या हिवाळ्यात गेटवेहून घारापुरीस जाणाऱ्या बोटीत खलाशाने माझ्या हाती एक नारिंगी जाकीट दिले तेव्हा मी अर्थातच दुखावलो. १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाची वेगवान नौका घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळून माणसे प्राणास मुकली, तेव्हापासून या बाबतीत ताकीद आहे हे मला ठाऊक होते. परंतु ताकीद ही इतरांसाठी असते, ही निजामी मुलखाची जुनी समजूत माझ्याही रक्तात असावी. 'मला पोहता येते,' असे सांगून मी ते जाकीट बाकावर पसरले आणि त्यावर बसलो. त्यात काही गैर आहे असेही मला वाटले नाही, कारण १८५४ साली इंग्लंडात कॅप्टन वॉर्डने बुचाचे जाकीट प्रचारात आणल्यानंतर पुढे त्यात सावरीचा कापूस भरू लागले होते, म्हणजे आमच्याकडच्या उशीत असतो तोच. आणि उशीवर बसणे फार तर असभ्य ठरेल.

तासाभराच्या प्रवासात उरणच्या बाजूस बोट दाखवून शेजारचे गृहस्थ म्हणाले, "ते तिकडे कारंजा." ते नाव ऐकताच मला इतके घरच्यासारखे वाटले, की मी कठड्याशी जाऊन उभा राहिलो. एवढ्यात एक मोठे जहाज दुरून गेले, त्याच्या लाटेने आमची बोट अशी कलली की माझी टोपी गेली, आणि त्या क्षणी मला एका साध्या गोष्टीचा साक्षात्कार झाला: या विहिरीला पायऱ्या नव्हत्या.

बाकाकडे मी कसा परतलो हे सांगण्यासारखे नाही. जाकीट चढविताना प्रथम डोके बाहीच्या भोकातून काढले. मग खलाशाने, चेहऱ्यावर एक रेषाही न हलविता, ते नीट घालून दिले व पट्टा घट्ट आवळण्यास बजावले, कारण सैल जाकीट पाण्यात वर येते आणि माणूस त्यातून निसटून खाली जातो. वस्तुतः पाण्यात डोके वर ठेवण्यास चार-पाच किलोंचा आधार पुरतो. तेवढ्यासाठी एवढे मोठे धूड लागते याचे कारण असे, की बेशुद्ध माणसाचेही तोंड आकाशाकडे राहावे. भोपळ्याची मजल काही तिथवर नव्हती. पण माझ्या पट्ट्याची कडी तुटलेली निघाली. तेव्हा मी मामांनी शिकविलेली दुहेरी गाठ मारली, वर आणखी एक मारली, आणि पाय जुळवून स्वस्थ बसलो.

घारापुरीच्या धक्क्याला सगळे उतरले. पोऱ्या जाकिटे गोळा करीत माझ्यापाशी आला आणि खाली वाकून गाठीशी झटू लागला. घामाने ती अशी बसली होती की नखे लागेनात. मागून दुसरी बोट भोंगा वाजवीत होती. "काका, ही कुठली गाठ?" त्याने विचारले.

"भालकीची," मी म्हणालो.

शेवटी त्याने ती दातांनी सोडविली.