सीईचा स्टिकर कसा चिकटवावा

भोसरीतल्या तुमच्या शेडमध्ये पहिली जर्मन ऑर्डर आलीय. 400 व्होल्टचं कंट्रोल पॅनेल, सहा आठवड्यांची मुदत, आणि पीओच्या तळाशी बारीक अक्षरात ‘सीई मार्किंग आवश्यक’. अभिनंदन! आता काय करायचं ते क्रमाने सांगतो.

सुरुवात स्टिकरपासून करा, सगळे तिथूनच करतात. फ्लेक्सवाल्याकडे फाईल टाका, संध्याकाळी शंभर नग हातात. फक्त उंची 5 मिलिमीटरपेक्षा कमी नको आणि प्रमाण बिघडवायचं नाही. दोन्ही अक्षरं वर्तुळाच्या चापांची आहेत, त्यांच्यातलं अंतर ठरलेलं आहे, ‘ई’ची मधली दांडी किंचित आखूड आहे. अक्षरं जवळ आली की त्याचा अर्थ ‘चायना एक्स्पोर्ट’ होतो, हे ज्ञान टपरीवर चहासोबत फुकट मिळेल. तशी खूण कुठल्याही युरोपीय कायद्यात नाही. जवळ आलेली अक्षरं म्हणजे चुकीचा छापलेला सीई, एवढंच.

मग सर्टिफिकेट देणारं सरकारी ऑफिस शोधा. आठवडाभर फोन करा. सापडणार नाही, कारण ते नाहीच. 50 ते 1000 व्होल्ट एसीचा माल 2014/35 क्रमांकाच्या लो व्होल्टेज डायरेक्टिव्हखाली येतो, आणि तिथे तपासायचं, लिहायचं, सही करायची, सगळं उत्पादकानेच. आपल्याला सवय साहेबाच्या सहीची. इथे साहेब तुम्हीच. तुम्ही सही करता त्या डिक्लेरेशनवर स्पष्ट छापलेलं असतं की हे पूर्णपणे उत्पादकाच्या एकट्याच्या जबाबदारीवर दिलं आहे. हे वाक्य सही करण्याआधी वाचायचा प्रघात आहे. एखादा एजंट सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट देऊ करेल. केबिनमध्ये छान दिसतं.

आता हुकमी युक्तिवाद: कॉन्टॅक्टर सीई, एमसीबी सीई, पीएलसी सीई, म्हणजे पॅनेल सीई! तांदूळ चांगला, डाळ चांगली, म्हणून खिचडी आपोआप शिजते का? तीन ड्राइव्ह एका बंद डब्यात कोंबल्यावर आत किती तापतं, हे ड्राइव्हवाल्याला कसं कळणार? मोटरची केबल आणि सेन्सरची वायर एकाच डक्टमधून नेलीत तर पीएलसीला भास होऊ लागतात, त्यासाठी 2014/30 हा वेगळा ईएमसी डायरेक्टिव्ह आहे. पॅनेलची परीक्षा ईएन 61439 प्रमाणे पॅनेल म्हणूनच होते.

यातली एक जागा नीट बघा: दार. दाराला हिरव्या-पिवळ्या अर्थिंगची वायर असते, बोल्ट कचकचून आवळलेला, फोटोत देखणी दिसते. आमच्या पहिल्या पॅनेललाही होती. दाराचा पत्रा ते अर्थबार असा किमान 10 अँपिअर सोडून रोध मोजायचा, 0.1 ओहमच्या आत हवा. आमचं मीटर काही दाखवेना. लगच्या खाली पावडर कोटिंग तसंच होतं, म्हणजे आम्ही रंगाला अर्थिंग केलं होतं. उद्या एखादी सुटलेली वायर दाराला टेकली असती तर एमसीबी ट्रिप व्हायच्या ऐवजी हँडल धरणारा माणूस ट्रिप झाला असता. रंग खरवडला, दातेरी वॉशर टाकला. खर्च दोन रुपये आणि वायरमनचा रुसवा.

मग फाईल. ड्रॉइंग, धोक्यांचं विश्लेषण, टेस्ट रिपोर्ट, लावलेल्या स्टँडर्डांची यादी. माल बाजारात गेल्यापासून 10 वर्षं जपायची. व्हॉट्सॲपवरचे फोटो फाईलमध्ये धरत नाहीत, आणि ‘ड्रॉइंग आमच्या पाटलांच्या डोक्यात आहे’ हेही.

आता स्टिकर! नेमप्लेटजवळ, सहज दिसेल असा लावा. चिकटवून झाला की 15 सेकंद ओल्या फडक्याने चोळा, मग 15 सेकंद पेट्रोलियम स्पिरिटच्या फडक्याने. अक्षरं वाचता आली पाहिजेत. कोरलेल्या नेमप्लेटला ही परीक्षा माफ असते, हे आम्हाला नंतर कळलं. आमचा सीई दुसऱ्या फडक्यावर पूर्ण उतरला.

उरलेले नव्व्याण्णव आमच्या धाकट्याने सायकलला लावले.