गोळी उष्ण पडते तेव्हा

जीवनसत्त्वांच्या आणि लोहाच्या गोळ्यांचे दुष्परिणाम हा विषय वैद्यकाच्या ग्रंथांत अर्ध्या पानात आटोपत असला, तरी वर्धा जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यातील आष्टीसारख्या तालुक्याच्या गावी त्याला स्वतंत्र दर्शनाची प्रतिष्ठा आहे, आणि प्रत्येक गोळी मुळातच उष्ण असते हे त्या दर्शनाचे आद्य सूत्र होय. गोळी रक्तवाढीची असो, ताकदीची असो की केसांची, ती सुरू केल्यावर पोटात जळजळले, तोंड आले, डोळ्यांची आग झाली किंवा जावयाशी बिनसले, तरी निदान एकच निघते आणि ते काढण्यासाठी प्रयोगशाळेची गरज भासत नाही.

उष्णाला थंडाने मारावे, हे ओघानेच येणारे दुसरे सूत्र. त्यानुसार लोहाची गोळी पेलाभर दुधाबरोबर घेतली जाते आणि दूध नसेल तर चहाबरोबर, कारण चहा उष्ण असला तरी तो घरचा आहे. वस्तुस्थिती अशी की दुधातील कॅल्शियम आणि चहातील टॅनिन, म्हणजे चहाला तुरटपणा देणारी द्रव्ये, लोहाचे आतड्यातील शोषण अडवतात. त्यामुळे गोळी पोटात सुखरूप जाते, तेथून सुखरूप बाहेर पडते, दुष्परिणामाचे निवारण होते आणि त्याबरोबर परिणामाचेही. याच कारणाने गरोदर स्त्रीला मिळणाऱ्या लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या एकत्र न घेता त्यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे असे सांगितले जाते, पण एकदाच पाणी पिऊन दोन्ही कामे उरकण्याचा मोह संसारी माणसाला आवरणे कठीण.

2018 साली सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या कार्यक्रमाने गोळ्यांना रंग वाटून दिले: पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी, किशोरवयीनांना निळी, गरोदर स्त्रीला लाल. यांपैकी लाल गोळी रोज घ्यायची असून तीत 60 मिलिग्रॅम लोह असते व ती 180 दिवस चालवायची असते. निळीतही तेवढेच लोह, मात्र ती आठवड्यातून एकदाच. बाहेरचे हे रंग लोक निमूटपणे स्वीकारतात. घोटाळा होतो तो आतून येणाऱ्या रंगाने. न शोषलेल्या लोहामुळे शौच काळे होते, हे सर्वस्वी निरुपद्रवी असले तरी आशाताईने ते आधी सांगितले नसेल, तर 16 ऑगस्ट 1942 रोजी इंग्रजी राजवटीच्या पोलीस ठाण्यावर चालून गेलेल्या या आष्टीतही दुसऱ्या दिवशी गोळ्यांचे पाकीट फडताळात जाऊन पडते. (ते पाकीट लहान मुलांच्या हाती न लागेल इतके उंच असावे, कारण साखरेचा लेप दिलेल्या या गोळ्या मुलाने मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतते, आणि येथे विनोदाला जागा नाही.) बी-कॉम्प्लेक्स घेणाऱ्याची गत निराळी, बी-2 अर्थात रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व जास्तीचे झाले की लघवी गडद पिवळी होते आणि घरातील ज्येष्ठ मंडळी कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता शोधू लागतात.

मळमळीवरचा साधा उपाय म्हणजे गोळी रिकाम्या पोटी न घेता जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घेणे, आणि बद्धकोष्ठतेवरचा म्हणजे पाणी व पालेभाजी. याहून रंजक गोष्ट 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधील संशोधनाने पुढे आणली. एक मात्रा घेतल्यावर यकृतातून स्रवणारे हेप्सिडिन हे संप्रेरक पुढील सुमारे दिवसभर लोहाच्या शोषणाला आडकाठी करते, त्यामुळे लोह कमी असलेल्या तरुणींमध्ये दिवसाआड घेतलेल्या गोळीतील लोहाचा अधिक मोठा वाटा शोषला गेला. दर दुसऱ्या दिवशी गोळी विसरणाऱ्या असंख्य स्त्रिया त्यामुळे एका रात्रीत विज्ञाननिष्ठ ठरल्या, तरी गरोदरपणात हा विसराळूपणा डॉक्टरांना विचारूनच करावा.

सी जीवनसत्त्व लोहाला आत घेऊन जाते. तर्रीपोह्यांवर लिंबू पिळणारा माणूस ही व्यवस्था कोणाच्याही शिकवणीशिवाय करतो आणि लगेच चहा मागवून ती मोडतो. आष्टी हा तर संत्र्याचा टापू. आंबिया बहार आणि मृग बहार अशी दोन पिके घेणाऱ्या या भागात भाव पडला की संत्री बांधावर टाकावी लागतात, आणि त्याच हंगामात औषधाच्या दुकानात संत्र्याच्या स्वादाची सी जीवनसत्त्वाची गोळी छापील किमतीला विकली जाते. प्रौढाची दिवसाची गरज 65 ते 80 मिलिग्रॅम, जी दोनएक संत्री भागवतात. गोळीत मात्र 500 मिलिग्रॅम असतात, आणि चोखायला गोड म्हणून दिवसाला चार-पाच संपवणाऱ्याला जुलाब होतात, ज्याचा दोष अर्थातच उष्णतेकडे जातो.

सी आणि बी गटातील जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात म्हणून त्यांचा बहुतेक जादा भाग लघवीवाटे निघून जातो. ए, डी, ई व के स्निग्ध पदार्थांत विरघळतात आणि शरीरात साठतात. डी जीवनसत्त्वाची 60,000 एककांची मात्रा साधारणपणे आठवड्यातून एकदाच असते, परंतु ‘जास्त घेतली तर लवकर गुण येईल’ या न्यायाने ती महिनोन्‌महिने रोज घेणाऱ्याच्या रक्तात कॅल्शियम वाढून तहान, उलट्या, बद्धकोष्ठता आणि मूत्रपिंडाचे विकार उद्भवू शकतात. यावर उत्तम तोडगा म्हणजे ही मात्रा आठवडी बाजाराच्या दिवसाला बांधून टाकणे, कारण वाराचे विस्मरण झालेला माणूसही बाजार विसरत नाही आणि कोणत्याही गावात तो रोज भरत नाही.

याच जिल्ह्यात, वर्ध्याला, 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने जीवनसत्त्वांचा प्रचार गोळीविना केला होता. गांधीजी आणि जे. सी. कुमारप्पा यांचा आग्रह असा की हातसडीचा तांदूळ खावा, म्हणजे गिरणीत कोंड्याबरोबर निघून जाणारे बी जीवनसत्त्व जागेवरच राहते. अशा तांदळाचा दुष्परिणाम एकच, तो म्हणजे चावण्याचे श्रम, आणि तोच त्याला भोवला असावा.

दवाखान्यात ‘सध्या कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारल्यावर ‘औषध काहीच नाही, फक्त ताकदीच्या गोळ्या’ हे उत्तर ठरलेले असते. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनची मोठी मात्रा थायरॉइडच्या काही तपासण्यांत ढवळाढवळ करून धडधाकट माणसाचा अहवालही बिघडलेला दाखवू शकते. म्हणून गोळी सुरू असल्याचे आधीच सांगून, डॉक्टरांच्या सल्ल्याने ती काही दिवस थांबवून मगच रक्त द्यावे लागते. तोवर केसांचे जे व्हायचे ते होतेच.