वाटाड्याविना लेण्याद्री

लेण्याद्रीचा फेरफटका कुणी वाटाड्या न घेता करता येतो, ही मोठीच सोय. डोंगरात सुमारे 30 लेणी; पण पर्यटकांनी दूरदृष्टीने सगळा अभ्यासक्रम एका लेण्यावर आणला आहे. पावणेतीनशेहून अधिक पायऱ्या, सातवे लेणे, गिरिजात्मजाचे दर्शन, सेल्फी, उतार. रांग लागते ते दालन मुळात बौद्ध विहाराचे. भोवतीच्या खोल्यांत भिक्षू राहत, शिकत. एवढा प्रशस्त मंडप एकाही खांबाविना उभा आहे, हे मान वर केल्याशिवाय कळत नाही. मान वर केली तर रांग खोळंबते, तेव्हा न केलेलीच बरी.

हाच न्याय पुढे नेऊन उरलेली लेणी बुजवून टाकावीत. जुन्नरच्या बांधकामांचा राडारोडाही मार्गी लागेल.

अपवाद फक्त शेजारच्या सहाव्या लेण्याचा. तिथल्या ब्राह्मी लेखात कल्याणच्या सुलसदत्ताचे नाव आहे. भिंतीवर नाव यावे म्हणून बिचाऱ्याला अख्खे चैत्यगृह दान द्यावे लागले! आता एक खिळा पुरतो. वर बाण लागलेला बदामही काढता येतो.

तिकीट मात्र पुरातत्त्व खाते लेण्यांचेच फाडते.