फ्रेममध्ये येतंय!

जगातील प्रत्येक वस्तू केवळ आपल्या दृष्टीच्या आड येण्यासाठीच निर्माण झाली आहे अशी ज्यांची दृढ समजूत असते, अशा गृहस्थांची एक स्वतंत्र जात आहे, आणि वाचकांना ती अपरिचित असेल असे मानण्याचे कारण नाही. लग्नातला फोटोग्राफर हा त्या कुळातला धाकटा. तो वरमाईला दोन पावले मागे रेटतो आणि भटजींकडून एकच मंगलाष्टक दोनदा म्हणवून घेतो. परंतु या कुळाचा खरा कर्तापुरुष पाहायचा असेल, तर चित्रपटविद्येच्या अखेरच्या वर्षात शिकणारा आणि पदविकेपुरता एक लघुपट काढण्यासाठी यवतमाळ जिल्ह्यात येऊन दाखल झालेला विद्यार्थी पाहावा. 1960 साली सरकारने पुण्यात, प्रभात स्टुडिओच्या आवारात, फिल्म इन्स्टिट्यूट काढली आणि या विद्येला राजमान्यता दिली. पुढे ठिकठिकाणी तशा शाळा निघाल्या. आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे आमच्या जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रांत येऊ लागले, तेव्हापासून त्या शाळांतील होतकरूंची पावले आमच्या मुलखाकडे वळू लागली.

अशाच एका दिग्दर्शकाच्या पथकात माझा या कलेत प्रवेश झाला. माझी लायकी दोन बाबींवर मुकर्रर झाली: एक म्हणजे माझ्यापाशी मोटारसायकल होती, आणि दुसरी म्हणजे कळंब तालुक्यात मला एक मामा होता. दिग्दर्शकांनी कथा येण्याआधीच लिहून आणली होती आणि तिच्या पहिल्याच पानावर भेगाळलेली जमीन होती. ते आले मार्गशीर्षात. काळ्या जमिनीला भेगा पडतात त्या उन्हाळ्यात, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मार्गशीर्षात आमच्याकडे पऱ्हाटीला बोंडे फुटून वावरे पांढरीशुभ्र झालेली असतात, आणि ज्याला वर्षातून एकदाच हसायचे असते असा शेतकरीसुद्धा त्या दिवसांत थोडासा हसतो. हा देखावा पाहून ते फार खिन्न झाले.

मामाच्या अंगणात ट्रायपॉड उभा राहिला आणि थर्माकोलचा एक पांढरा तक्ता माझ्या हाती देण्यात आला. त्यावर ऊन झेलून ते नटाच्या तोंडावर टाकायचे, एवढेच माझे काम, असे मला सांगण्यात आले होते. दिग्दर्शकांनी कॅमेऱ्याला डोळा लावला, श्वास रोखला आणि अत्यंत व्यथित स्वरात ते म्हणाले, "फ्रेममध्ये येतंय!"

येत होता तो निळा ड्रम. रसायनांच्या कारखान्यातून रिकामा होऊन बाजारात येणारा आणि पाण्याची चणचण असलेल्या प्रत्येक गावात दाराशी उभा असणारा हा प्लास्टिकचा ड्रम वाचकांनी पाहिलेलाच असेल. दिग्दर्शकांच्या कल्पनेतल्या दुष्काळात मात्र मातीचा फुटका रांजण होता. भरलेला ड्रम दोघांनी कष्टाने सरकवला. मग मोटारसायकल फ्रेममध्ये आली. मग छपरावरची डिश, भिंतीवरचे कालनिर्णय, मामीचा मिक्सर आणि खुंटीवरचे शाळेचे दप्तर. एक शेळी तर हद्दपार होऊनही पुनःपुन्हा परत आली. बियाण्याच्या कंपनीने फुकट वाटलेला हिरवा टी-शर्ट घालून मामा कौतुकाने उभा होता. शेतकऱ्याचे काम करणारा नट चहाच्या पाण्यात बुडवून मळवलेले, कात्रीने बेताबेताने फाडलेले धोतर नेसून ओट्यावर बसला होता. दिग्दर्शकांनी एकदा याच्याकडे पाहिले, एकदा त्याच्याकडे पाहिले, आणि अदबीने म्हणाले, "काका, तुम्ही जरा फ्रेममध्ये येताय."

"वावर माह्यं, अंगण माह्यं, अन् मीच बाहेर?" असे पुटपुटत मामा शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसला.

दिग्दर्शकांनी चौकटीच्या आत आणण्याची इच्छा धरली अशी एकच वस्तू मला आठवते, ती म्हणजे शकुंतला रेल्वे. यवतमाळ ते मूर्तिजापूर या अरुंद रुळांवरून धूर सोडत जाणारी गाडी त्यांना पार्श्वभूमीला हवी होती. 1921 साली मँचेस्टरला बनलेले ते वाफेचे इंजिन 1994 सालीच सेवानिवृत्त झाले, आणि रूळही कळंबच्या वाटेने जात नाहीत, हे मी नम्रपणे निवेदन केले. तेव्हा जे आहे ते सारे आड येते आणि जे हवे ते मुळी नाहीच, या विधिलिखितावर ते बराच वेळ बोलले.

कापसाचा प्रसंग याहून बिकट. एका दृश्याचा अर्धा भाग त्यांनी फुललेल्या वावरात घेतला आणि उरलेला दुसऱ्या दिवसावर टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो, तो वेचणाऱ्या बायांनी अर्धे वावर झाडून नेले होते आणि उरलेल्या ओळींत त्या ओटी भरत पुढे सरकत होत्या. दिग्दर्शकांनी वेचणी तहकूब करण्याचा प्रस्ताव मांडला. वावराच्या मालकाने शांतपणे विचारले, "बाया उद्या दुसऱ्याच्या वावरात गेल्या, त मंग तुमचा कॅमेरा कापूस वेचन काय?" यावर दिग्दर्शक धुऱ्यावर बसले आणि त्यांनी आम्हांस सत्यजित राय यांची कथा सांगितली: 'पथेर पांचाली'तले काशफुलांचे दृश्य अर्धे झाले, पुढच्या खेपेस येऊन पाहतात तो फुले गुरांनी खाल्लेली, आणि राय पुढच्या मोसमाची फुले येईपर्यंत थांबले. कथा खरी आहे. फक्त तिच्यात गुरे आहेत आणि आमच्यात बाया होत्या, हा फरक दिग्दर्शकांच्या ध्यानात आलेला दिसला नाही.

या साऱ्या उलथापालथीत कोणती चीज कोठून हलवली याची नोंद ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. त्याला कंटिन्युइटी म्हणतात. मी लांबट वही घेऊन दारात उभा राही; आतून एकेक जिन्नस बाहेर निघे आणि मी लिहून घेई: ड्रम निळा एक, कॉट लोखंडी एक, फवारणीचा पंप एक, कुकर एक. अंगणात माणसे जमत आणि काही न बोलता पाहत उभी राहत. आमची कला पाहायला जमली असतील, असा आम्हां सर्वांचा ग्रह होता.

मग एके दुपारी पलीकडच्या आळीतले एक आबाजी गर्दीतून वाट काढत पुढे आले. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले बँकेचे पासबुक होते. पिशवीची गाठ सोडायला त्यांना वेळ लागला. ते दिग्दर्शकांपुढे धरून म्हणाले, "हप्ता भरेल हाय बाप्पा, हे पाय पुस्तक. आमच्या घरी यायची इतली घाई कायले करता?"

वहीत उतरत असलेली यादी, दाराबाहेर रचलेले सामान आणि शेजारच्या ओट्यावर जाऊन बसलेला घरधनी. जप्ती म्हणून जे आबाजींनी जन्मभर पाहिले असेल, त्यात आणि आमच्या कलेत कसलाही फरक राहिला नव्हता. अंगणात कोणी हसले नाही. आमच्या छायाचित्रकाराने, तो आपल्या धंद्यात हुशार होता, आवाज न करता कॅमेरा आबाजींच्या हातांकडे वळवला. यवतमाळला येऊन जे टिपायचे म्हणून दिग्दर्शकांनी कथा लिहिली, वर्गणी गोळा केली, घरच्यांशी भांडण केले, ते चहाच्या पाण्यात न बुडवता समोर उभे होते. दिग्दर्शकांनी भिंगावर आडवा पंजा ठेवला. नंतर त्यांनी ते पासबुक दोन्ही हातांनी घेतले, उन्हाकडे धरून पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत वाचले, आणि "सगळं बरोबर आहे, आबाजी," असे एखाद्या जुन्या कारकुनाच्या गांभीर्याने सांगून परत दिले. त्यानंतर कोणालाही हाक न मारता ते निळा ड्रम गडगडवत जागेवर नेऊ लागले. ड्रम भरलेला असल्याने तो गडगडला नाही, आडवा झाला, आणि दिग्दर्शकांसह अंगण भिजले. मामीने त्यांना मामाचा हिरवा टी-शर्ट घालायला दिला.

या मनुष्याविषयी मला लोभ वाटू लागला तो येथे, आणि तोही माझ्या मनाविरुद्ध. कारण दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच टी-शर्टात उभे राहून त्यांनी शेळीला पुन्हा हाकलले.

लघुपट पुरा झाला. त्यात भेगाळलेली जमीन नाही, ड्रम आहे, आणि आबाजी नाहीत. दिग्दर्शकांना पदविका मिळाली. हल्ली ते मुंबईस दूरचित्रवाणीच्या मालिका करतात, जेथे दिवाणखान्यात नको असलेली वस्तू मुळात कोणी ठेवीतच नाही. मामाला ते दर दिवाळीला फोन करतात आणि पहिल्यांदा कापसाचा भाव विचारतात. अशी मंडळी आपल्या गावी उतरली, तर वाचकांनी त्यांना जेवू घालावे, निजायला ओटा द्यावा, तहसिलीतून परवानगीचा कागद आणायला सोबत जावे. वेचणी मात्र एक दिवसही थांबवू नये, आणि सामान बाहेर काढण्याआधी हे सिनेमावाले आहेत, बँकेचे नव्हेत, अशी आळीत दवंडी द्यावी.